एका घरात दोन लेखण्या

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरात दोन साहित्य संमेलने भरली. रवींद्र शोभणे यांच्या अध्यक्षतेखाली ९७वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आणि वासुदेव मुलाटे यांच्या अध्यक्षतेखाली विद्रोही मराठी साहित्य संमेलन. गाव एक, मांडव दोन, आणि साहित्य कशासाठी लिहायचे याची उत्तरेही दोन. अशा गावात एका मांडवात कविता वाचणारी बाई आणि दुसऱ्या मांडवात त्याच कवितेवर तुटून पडणारा समीक्षक अशी दोन माणसे कल्पनेत आणणे अवघड नाही. ती एकमेकांचे लेखन चोरून वाचतात, त्यातले दोष जाहीरपणे सांगतात आणि रात्री त्याच ओळी मनात घोळवत जागी राहतात. एका चांगल्या प्रेमकादंबरीला एवढे पुरेसे आहे.

तरीही मराठीत अशी कादंबरी हाताशी येत नाही. प्रेमकथांची वाण मराठीला कधीच नव्हती, लेखक नायकांचीही नव्हती. पण दोघेही लिहिणारे, दोघांनाही आपल्या लेखनाचा अभिमान, दोघांत उघड स्पर्धा आणि त्या स्पर्धेतूनच वाढणारी ओढ, एवढे सगळे एकत्र आलेली आणि वाचकांच्या आठवणीत राहिलेली कादंबरी सांगा म्हटले की जाणकारही थबकतात. ही उणीव विषय न सुचल्यामुळे आलेली नाही. मराठी साहित्याच्या इतिहासात असे संसार आणि अशी मैत्री भरपूर आहे. ते सगळे आत्मचरित्रांत आणि पत्रसंग्रहांत गेले, कादंबरीच्या वाट्याला आले नाही. असे का झाले, हे पाहण्यासाठी खानदेश ही सोयीची जागा आहे. मराठी प्रेमकाव्याचा आणि प्रेमकादंबरीचा प्रवास जळगाव-धुळ्यावरून गेला, आणि त्या कादंबरीवरचा सर्वांत कठोर हल्लाही याच मातीतल्या लेखकाने केला.

बाहेरच्या भाषांमध्ये या कथानकाचे काय झाले ते आधी पाहू. २०२० मध्ये आलेली एमिली हेन्रीची 'बीच रीड' ही इंग्रजी कादंबरी जगभर खपली. जॅन्युअरी अँड्र्यूज सुखान्त प्रेमकथा लिहिते आणि ऑगस्टस एव्हरेट गंभीर कादंबऱ्या. शेजारी राहायला आलेले हे जुने प्रतिस्पर्धी पैज लावतात की तिने त्याच्यासारखे लिहायचे आणि त्याने तिच्यासारखे. पुस्तक रंजक आहे आणि रंजनात त्याला कमीपणा वाटत नाही. पण पैजेच्या आड एक खरा प्रश्न आहे. प्रेमकथा लिहिणाऱ्या बाईला हलके का समजतात आणि दुःखान्त लिहिणाऱ्या पुरुषाला भारी का? त्याआधी तीस वर्षे, १९९० मध्ये, ए. एस. बायट यांच्या 'पझेशन'ला बुकर पारितोषिक मिळाले होते. एकोणिसाव्या शतकातल्या दोन कवींचे लपलेले प्रेम विसाव्या शतकातले दोन संशोधक शोधून काढतात, अशी ती गोष्ट. बायटबाईंनी त्या दोन्ही काल्पनिक कवींच्या कविता आणि पत्रे स्वतः लिहिली, आणि दोघांचे वळण वेगळे ठेवले. नायक-नायिका कवी आहेत हे वाचकाला त्यांच्या कविता वाचूनच कळते, लेखिकेला ते वेगळे सांगावे लागत नाही.

भारतीय भाषांनीही हा प्रयोग केलेला आहे. रवींद्रनाथांच्या 'शेषेर कबिता'मधला अमित राय खुद्द रवींद्रनाथांच्या कवितेवर टीका करतो आणि निबारण चक्रवर्ती नावाचा प्रतिस्पर्धी कवी उभा करतो. कादंबरी १९२९ ची, पण तिची शेवटची कविता अमितची नाही. ती लावण्याच्या पत्रातून येते. हिंदीत राजेंद्र यादव आणि मन्नू भंडारी या नवराबायकोंनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला 'एक इंच मुस्कान' ही कादंबरी आलटून पालटून लिहिली. नायक लेखक, त्याची प्रकरणे यादवांची. स्त्रियांची बाजू मन्नूजींकडे. दोन लेखकांची चढाओढ अशी पुस्तकाच्या रचनेतच उतरली. पुढे 'एक कहानी यह भी' या आत्मकथनात मन्नूजींनी आपल्या लेखनाची आणि संसाराची बाजू स्वतःच्या शब्दांत मांडली. म्हणजे हिंदीजवळ कादंबरीही आहे आणि आत्मकथनही. मराठीजवळ यातले दुसरे भरपूर आहे, पहिले जवळपास नाही.

मराठी कादंबरीचा मार्ग ना. सी. फडके यांनी फार लवकर पक्का केला. 'जादूगार' (१९२८), 'दौलत' (१९२९), 'अटकेपार' (१९३१) यांनी शिकलेल्या शहरी तरुण-तरुणीचे प्रेम हा कादंबरीचा मध्य ठरवला, आणि 'प्रतिभासाधन'ने लिहिण्याचे तंत्र शिकवले. त्यांच्यासमोर वि. स. खांडेकर उभे राहिले. कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा या दोघांच्या नावांभोवतीचा वाद वर्षानुवर्षे चालला आणि महाराष्ट्रभरच्या वाचनालयांत वाचकांनी आपापली बाजू निवडली. १९४० मध्ये फडके रत्नागिरीच्या संमेलनाचे अध्यक्ष होते आणि लगेच पुढच्या वर्षी खांडेकर सोलापूरच्या. मराठीतली सर्वांत गाजलेली लेखकांची स्पर्धा ती हीच. पण ती दोन पुरुषांची होती. कादंबरी कशी असावी याबद्दल ते भांडले, कादंबरी लिहिणारी बाई त्यांच्या कादंबऱ्यांची नायिका होऊ शकते का, हा प्रश्न त्या भांडणात कधी आला नाही. फडक्यांच्या दुसऱ्या पत्नी कमला फडके स्वतः कथा-कादंबऱ्या लिहीत होत्या, हे लक्षात घेतले तर ही उणीव अधिक बोचते.

याच काळात खानदेशात दोन संमेलने झाली. १९३६ च्या जळगाव संमेलनाचे अध्यक्ष माधव जूलियन होते. महाविद्यालयातल्या प्रेमाचा विरह खंडकाव्यात आणणाऱ्या 'विरहतरंग'चे ते कवी आणि रविकिरण मंडळाचे एक प्रमुख. या मंडळात श्रीधर आणि मनोरमा रानडे हे कवी दांपत्य होते. एका संसारातले दोघे कवी एकाच बैठकीत कविता वाचतात, हे दृश्य मराठीने तेव्हाच पाहिले होते. १९४४ च्या धुळे संमेलनाचे अध्यक्ष होते भार्गवराम विठ्ठल ऊर्फ मामा वरेरकर. 'विधवाकुमारी' आणि 'धावता धोटा' यांचे कर्ते, आणि शरच्चंद्रांना मराठीत आणणारे अनुवादक. शरच्चंद्रांच्या सोसणाऱ्या, मनस्वी नायिका त्यांच्यामुळे मराठी घरांत पोचल्या. त्या नायिका पुरुषावर जीव टाकतात, त्याला सावरतात, त्याच्यासाठी बदनामी पत्करतात. फक्त लिहीत नाहीत.

लोकप्रिय कादंबरीतही तेच राहिले. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली, तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि उच्च न्यायालयाने ठरवलेला दोष १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. मराठी प्रेमकथेच्या इतिहासात हा निकाल महत्त्वाचा आहे, कारण प्रेमाबद्दल मोकळेपणाने लिहिण्याच्या हक्काला त्याने बळ दिले. 'श्यामा'चा नायक निशिकांत कवी आणि शिक्षक आहे, आणि गोष्ट त्याच्या आयुष्यात आलेल्या तीन स्त्रियांची आहे. इथेही कवी एकच. स्त्रिया त्याच्या कवितेचे कारण होतात.

या सगळ्या लेखनातून प्रेमकादंबरीत कामाची वाटणी पक्की झाली. पुरुषाने लिहायचे आणि स्त्रीने त्याला लिहायला लावायचे. वामन मल्हार जोशी यांच्या 'इंदु काळे व सरला भोळे'सारखी पत्रांतून उलगडणारी कादंबरी वेगळी वाट दाखवून गेली. तिथे स्त्रिया लिहितात, विचार करतात, पुरुषांशी मतभेद ठेवतात. ती वाट पुढे रुंद झाली नाही.

कादंबरीने जे टाळले ते जगण्यात मात्र घडत होते.

धरणगावचा त्र्यंबक बापूजी ठोंबरे हा मुलगा १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' झाला. ती पदवी त्याला अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी दिली. पुढे हा खानदेशी कवी अहमदनगरला रेव्हरंड नारायण वामन टिळकांच्या घरी घरच्यासारखा राहिला. त्या घरात आधीच दोन लेखण्या होत्या. टिळकांनी लक्ष्मीबाईंना लिहायला-वाचायला शिकवले, आणि धर्मांतरानंतर काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुन्हा एकत्र आल्यावर त्यांच्या भांडणांना आणि प्रेमाला कवितेची सोबत होती. टिळकांचे 'ख्रिस्तायन' अपुरे राहिले. त्यांच्या पश्चात त्याचा कितीतरी मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला. आणि १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी नवऱ्याचे असे चित्र काढले की त्याच्या थोरपणाबरोबर त्याचा तिरसटपणाही वाचकाच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. नवऱ्याने शिकवलेली अक्षरे हातात घेऊन बायको त्याच्या आयुष्याची अंतिम आवृत्ती लिहिते, याहून मोठे कथानक कुठल्या कादंबरीकाराला हवे आहे? बालकवींचा १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात मृत्यू झाला तेव्हा ते सत्तावीस वर्षांचे होते. त्या तरुण कवीच्या नजरेतून टिळकांचे घर पाहणारी कादंबरी मराठीत यायला हवी होती.

दुसरे उदाहरण विदर्भातले आहे आणि ते या विषयाच्या गाभ्याशी जाते. कुसुमावती देशपांडे आणि कवी अनिल यांनी लग्नाआधी एकमेकांना लिहिलेली पत्रे 'कुसुमानिल' या नावाने प्रसिद्ध आहेत. दोन तरुण माणसे एकमेकांना कवितेबद्दल, वाचनाबद्दल, घरच्यांबद्दल लिहितात, आणि वाचता वाचता ध्यानात येते की त्यांचे प्रेम आणि त्यांची साहित्यविषयक जाण एकाच वेळी घडते आहे. अनिल १९५८ मध्ये मालवणच्या संमेलनाचे अध्यक्ष झाले. कुसुमावती १९६१ मध्ये ग्वाल्हेरच्या अध्यक्ष झाल्या, आणि संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. याच कुसुमावतींनी 'मराठी कादंबरी : पहिले शतक' हा दोन भागांचा चिकित्सक ग्रंथ लिहिला. मराठी कादंबरीचे शंभर वर्षांचे गुणदोष सांगणाऱ्या बाईची स्वतःची प्रेमकथा त्या कादंबरीत कुठेच नव्हती. ती पत्रांच्या पेटीत होती.

मालतीबाई आणि विश्राम बेडेकर यांचे घर आणखी वेगळे. 'विभावरी शिरूरकर' या टोपणनावाने मालतीबाईंचा 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये आला आणि पुण्या-मुंबईत खळबळ माजली. १९३८ मध्ये त्यांचे विश्राम बेडेकरांशी लग्न झाले. पुढच्याच वर्षी बेडेकरांची 'रणांगण' आली. बोटीवर भेटलेल्या चक्रधर आणि ज्यू तरुणी हॅर्टा यांची ही गोष्ट आजही मराठीतल्या श्रेष्ठ प्रेमकादंबऱ्यांत गणली जाते. बेडेकरांनी पुढे 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र लिहिले, त्याला १९८५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. १९८१ मध्ये समांतर साहित्य संमेलन भरले तेव्हा अध्यक्षस्थानी मालतीबाई होत्या. एका घरातल्या दोघांनीही पहिल्या प्रतीचे लिहिले, दोघांचे सूर कधी जुळले आणि कधी नाही. पण या दोघांतले लिहिणाऱ्यांचे नाते त्यांच्या एकाही कादंबरीचा मध्य झाले नाही.

सुनीताबाई देशपांडे यांचे 'आहे मनोहर तरी' १९९० मध्ये आले तेव्हा मराठी वाचक हादरला. सर्वांच्या लाडक्या लेखकाच्या घरात दुसरी तितकीच धारदार लेखणी इतकी वर्षे बंद होती, हे त्याला त्या दिवशी कळले. जी. ए. कुलकर्णींना त्यांनी लिहिलेल्या पत्रांचे 'प्रिय जी. ए.' हे पुस्तकही वाचावे. एका लेखकाच्या लेखनावर जीव जडणे म्हणजे काय, आणि त्या जिव्हाळ्यात आदर, हक्क, रुसवा कसे मिसळतात, हे त्या पत्रांइतके स्पष्टपणे मराठी गद्यात क्वचितच आले आहे. इथेही रूप पत्रांचेच.

या सगळ्या उदाहरणांत एक समान धागा आहे. स्त्रीला 'मी' म्हणून लिहिता आले तिथे ती पूर्ण ताकदीने उभी राहिली. तिला कल्पित पात्र म्हणून, लेखक असलेली नायिका म्हणून, उभे करायची वेळ आली तेव्हा कादंबरी मागे सरली. आत्मचरित्राला घडलेल्या गोष्टीचा आधार असतो. कादंबरीला मात्र आधी मान्य करावे लागते की बाईचे लेखन पुरुषाच्या लेखनाला हरवू शकते, आणि तरीही तो तिच्यावर प्रेम करू शकतो. त्या कबुलीसाठी लेखक आणि प्रकाशक तयार नव्हते, आणि वाचकांनीही त्यांना कधी भाग पाडले नाही.

खानदेशाने या कहाणीला दिलेले वळण निर्णायक आहे. यावल तालुक्यातल्या सांगवीचे भालचंद्र नेमाडे यांनी १९६३ मध्ये 'कोसला' लिहिली आणि फडके-खांडेकरांच्या चौकटीला कायमचा तडा गेला. तिचा नायक पांडुरंग सांगवीकर पुण्यात शिकायला जातो. जुन्या वळणाच्या कादंबरीत तिथे एखादी नायिका त्याची वाट पाहत असती आणि चारशे पाने प्रेमात गेली असती. 'कोसला'तले सर्वांत उत्कट प्रेम धाकट्या बहिणीवरचे आहे, आणि देवीने गेलेल्या मनीवरची ती पाने मराठीतल्या शोकाचा मापदंड झाली आहेत. नेमाड्यांनी धुळ्याच्या महाविद्यालयातही शिकवले. लहान गावांतल्या महाविद्यालयांचे, प्राध्यापकांच्या गटांचे, तिथल्या मत्सराचे बारकावे 'बिढार', 'जरीला' आणि 'झूल' यांत चांगदेव पाटीलच्या निमित्ताने येतात. 'बिढार'मध्ये मुंबईच्या अनियतकालिकांभोवतीचे तरुण लेखक आहेत. एकमेकांचे लेखन फाडणारे, एकमेकांवर जीव टाकणारे, एकमेकांना फसवणारे. लेखकांच्या स्पर्धेचे इतके खरे चित्र मराठीत दुसरे नाही.

समीक्षक नेमाड्यांनी 'मराठी कादंबरी : प्रेरणा व स्वरूप' या लेखात मराठी कादंबरीचे तीन मूळ प्रवाह दाखवले: 'यमुनापर्यटन', 'मुक्तामाला' आणि 'मोचनगड'. पहिल्याला समाजाचे भान, दुसऱ्याला कल्पनारंजन, तिसऱ्याला इतिहासाची ओढ. फडके पंथाची प्रेमकादंबरी त्यांनी दुसऱ्या प्रवाहात बसवली आणि तिची प्रतिष्ठा काढून घेतली. हे काम आवश्यक होते. खोट्या भाषेत खोटी माणसे प्रेम करत होती, आणि खानदेशातल्या शेतकऱ्याच्या मुलाला त्या कादंबरीत स्वतःचे गाव सापडत नव्हते. पण या विजयाची किंमतही मोजावी लागली. गंभीर कादंबरीकाराने प्रेमाला मध्यावर आणणे संशयास्पद झाले. नेमाड्यांच्या प्रभावाखाली आलेल्या पुढच्या पिढीने गाव, जात, शेती, नोकरी, भाषा यांवर मोलाचे लिहिले, आणि स्त्री-पुरुषांच्या ओढीला एखाद्या उपकथानकात जागा दिली. खोटी प्रेमकादंबरी गेली तशी खऱ्या प्रेमकादंबरीची जागाही रिकामी झाली. लेखकांची स्पर्धा नेमाड्यांनी कादंबरीत आणली, पण ती पुन्हा पुरुषांचीच होती. 'बिढार'मध्ये चांगदेवच्या तोडीची लिहिणारी बाई असती, तर मराठी कादंबरीचा पुढचा रस्ता वेगळा झाला असता.

आणि खानदेशात लिहिणाऱ्या बायकांची परंपरा काल-परवाची नाही. असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी टिपून ठेवली, आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, ती पुस्तकात आली. सोपानदेव स्वतः नाव असलेले कवी होते, पण आज आईच्या ओळी घराघरांत आहेत. लिहिता न येणारी आई आणि छापून येणारा मुलगा यांच्यातला हा उलटा निकाल साहित्याच्या श्रेणींबद्दल बरेच काही सांगतो. जळगाव जिल्ह्यातल्या पहूरच्या अनुराधा पाटील यांच्या 'कदाचित अजूनही'ला २०१९ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. धुळ्यातून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ पासून 'कविता-रती' हे नियतकालिक चालवले आणि महाराष्ट्रभरच्या कवींना तिथे जागा मिळाली. जळगावात शिकलेल्या ना. धों. महानोरांनी रानातल्या ओढीला शब्द दिले. प्रेम खानदेशाच्या कवितेत आले, गाण्यात आले. कादंबरीत आले नाही. आणि १९३६, १९४४, १९५२, १९८४, २०२४ अशा पाच वेळा खानदेशात अखिल भारतीय संमेलन झाले, पाचही वेळा अध्यक्ष पुरुष होते.

लोकपरंपरेत तर स्त्री-पुरुषांची शब्दांची झुंज पहिल्यापासून आहे. कलगी-तुऱ्याचे फड खानदेश-निमाड पट्ट्यातही रंगत. तुरेवाला ब्रह्माची बाजू मांडतो आणि कलगीवाला शक्तीची. पुरुषतत्त्व मोठे की स्त्रीतत्त्व, हा वाद रात्रभर सवाल-जवाबांत चालतो आणि कुणीच कायमचे हरत नाही. आखाजीच्या सणाला झोक्यावर गाणाऱ्या मुली आणि काही गावांत नदीच्या दोन काठांवरून एकमेकींना गाण्यांतून शिव्या घालणाऱ्या बायका, ही सगळी चढाओढीची आणि खेळाची भाषा आहे. शब्दाने वार करणे आणि शब्दानेच जवळ येणे खानदेशाला परके नाही. ते छापील कादंबरीपर्यंत पोचले नाही, एवढेच.

साठोत्तरी कालखंडात काही लेखिकांनी कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला. गौरी देशपांडे यांच्या नायिका शिकलेल्या, भरपूर वाचणाऱ्या, परदेशांत वावरणाऱ्या आहेत, आणि पुरुषावर प्रेम करताना त्याच्याशी वाद घालणे सोडत नाहीत. मेघना पेठे यांच्या 'नातिचरामि'ने लग्न आणि शरीर यांबद्दल इतक्या थेटपणे लिहिले की जुनी प्रेमकादंबरी एकदम लाजरी वाटू लागली. शांता गोखले यांची 'त्या वर्षी' (२००८) चित्रकार, गायिका, पत्रकार यांच्या जगात घडते. कला करणारी माणसे एकमेकांवर प्रेम कसे करतात, हे तिथे गंभीरपणे आले आहे. नाटकाने आणखी पुढचे पाऊल टाकले. महेश एलकुंचवारांच्या 'आत्मकथा'त नामवंत लेखक आत्मचरित्र सांगतो, तरुण प्रज्ञा ते टिपते, आणि टिपता टिपता त्याच्या कहाणीवर प्रश्न उभे करते. जगलेले आणि लिहिलेले यांच्यातली तफावत त्याच्या आयुष्यातल्या स्त्रिया उघडी पाडतात. हे नाटक १९८८ चे आहे. कादंबरीला तिथून पुढे जाता आले असते.

आजचे चित्र दोन भागांत विभागले आहे. गंभीर मासिके आणि पुरस्कारांच्या यादीत प्रेमकादंबरी जवळजवळ नाही. दुसरीकडे मोबाइलवर तिला पूर आला आहे. प्रतिलिपीवर मराठी मालिका-कादंबऱ्या भाग-भाग करून वाचल्या जातात आणि त्या लिहिणाऱ्यांत लहान शहरांतल्या स्त्रिया पुष्कळ आहेत. स्टोरीटेलने मराठी कथा कानांपर्यंत नेल्या. 'हाई झुमकावाली पोर'सारखे अहिराणी गाणे कोट्यवधी वेळा पाहिले जाते, म्हणजे खानदेशी बोलीत प्रेम ऐकायला जग तयार आहे. इंग्रजी कादंबऱ्यांतून आलेला 'आधी शत्रू, मग प्रेमिक' हा साचाही या मालिकांत रुळला आहे. मात्र तो बहुतेक वेळा कार्यालयात किंवा श्रीमंत घरात घडतो. मालक आणि नोकर मुलगी, डॉक्टर आणि शिकाऊ डॉक्टर. दोघांपैकी एकाच्या हाती सत्ता असते, म्हणून झुंज बरोबरीची होत नाही. वाचक वाढले, लिहिणाऱ्या स्त्रिया वाढल्या, हे उत्साहाने सांगण्यासारखे आहे. पण संपादनाचा हात नसल्याने भाषा सैल राहते, आणि समीक्षक हे लेखन वाचतच नाहीत. जिच्याकडे वाचक आहेत तिला समीक्षा मिळत नाही, आणि जिला समीक्षा मिळते तिच्याकडे प्रेम नाही, अशी मराठी कादंबरीची सध्याची स्थिती आहे.

ही दरी भरून काढण्याची ताकद ज्या थोड्या प्रदेशांत आहे, त्यांत जळगाव-धुळे येते. इथे विद्यापीठाला कवयित्रीचे नाव आहे. जैन उद्योगसमूहाच्या प्रतिष्ठानाचे पुरस्कार बहिणाबाई, बालकवी आणि महानोर यांच्या नावाने दिले जातात. महाविद्यालये आहेत, व. वा. वाचनालयासारखी जुनी ग्रंथालये आहेत, कविसंमेलने आहेत, स्पर्धा आहेत आणि हेवेदावेही. शिवाय भाषा एक नाही. अहिराणी, लेवा बोली, तावडी आणि पुस्तकी मराठी यांच्यात सतत हद्दीचे वाद चालतात. समजा, जळगावात एका पुरस्काराच्या अंतिम यादीत दोन नावे आली. एक अहिराणीत कविता लिहिणारी, शाळेत शिकवणारी बाई. दुसरा पुस्तकी मराठीत समीक्षा लिहिणारा प्राध्यापक, ज्याने तिच्या पहिल्या संग्रहावर कडक लिहिले होते. त्यांचे प्रेम जमले तर भांडण केवळ मनांचे राहणार नाही. कोणती भाषा साहित्याची, कुणाचे पुस्तक आधी छापायचे, घरात लिहायचे टेबल कुणाचे, पाहुणे आले की लिहिणे सोडून उठायचे कुणी, हे सगळे त्या कथेत आपोआप येईल. नेमाड्यांनी मागितलेले समाजाचे भान आणि फडक्यांकडे असलेली ओढ त्या कथेत एकत्र येऊ शकतात.

अट एकच, आणि ती कठीण आहे. बायटबाईंनी केले तसे दोघांचे लेखन कादंबरीत प्रत्यक्ष दाखवावे लागेल. तिची अहिराणी कविता आणि त्याचे टीकालेख वाचकासमोर यायला हवेत, आणि कविता इतकी चांगली हवी की टीका वाचून वाचकाचा त्या प्राध्यापकावर राग यावा. तिची कविता कमकुवत निघाली तर कथा पुन्हा तिला त्याच्या प्रेरणेच्या जागी बसवेल. हे करायला बोलीचा कान आणि गद्याची शिस्त दोन्ही लागते. म्हणून अशी कादंबरी प्रतिलिपीवर मालिका लिहिणाऱ्या आणि 'कविता-रती'च्या परंपरेत वाढलेल्या, अशा दोन्ही जगांत वावरणाऱ्या कुणाकडून येण्याची शक्यता जास्त आहे. दिवाळी अंकांच्या संपादकांनी त्या लेखिकांना आत्तापासून पाने द्यावीत, त्यांच्या हस्तलिखितांवर कसून काम करावे. समीक्षकांनीही प्रेमकादंबरी हा परीक्षणाला योग्य प्रकार मानून तिच्या तंत्राची, भाषेची आणि तिच्यातल्या लिहिणाऱ्या बाईची गंभीर चिकित्सा सुरू करावी.